बंधारा न घातलेलं वर्ष

गावात मला पट्टीवाली म्हणतात. देवळाच्या पायऱ्या जिथं नदीत उतरतात, तिथं एक पांढरी मोजपट्टी उभी केलेली आहे. तिच्यावर काळे आकडे. सकाळी आणि संध्याकाळी पायऱ्या उतरून पाणी कोणत्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि मोबाईलवरून पाटबंधारे खात्याच्या ऑफिसला कळवायचं, एवढंच माझं काम. मानधन तुटपुंजं आहे आणि तेही वेळेवर मिळत नाही. सुरुवातीला बायका विचारायच्या, पाण्याकडे बघण्याचे पैसे देतात? मी म्हणायचे, तुम्ही दिवसभर एकमेकींच्या अंगणात बघता ते फुकटच ना. मग त्यांनी विचारणं सोडलं.

मी मूळची नांदगावची, हायवेच्या गावची. आमच्याकडे नदी पुलाखालून जायची आणि पुलावरून जाणारं कुणी खाली वाकून बघत नसे. लग्न करून या खाडीकाठच्या गावात आले, तेव्हा पहिल्यांदा कळलं की माणसं नदीच्या पाण्याबद्दल सुनेच्या स्वयंपाकाइतकं बोलू शकतात. आज गोड पाणी कुठपर्यंत आहे, भरती कुठपर्यंत चढली, कोणाच्या विहिरीचं पाणी उतरलं. या सगळ्यात पुढे माझे सासरे. नवरा गोव्याला नोकरीला, सासूबाई घरात, आणि सासरे नदीवर, अशी आमच्या घराची वाटणी होती.

सासऱ्यांचं नदीवर काम काय, तर बंधारा. आमच्या गावाच्या खालच्या अंगाला खाडी सुरू होते. पावसाळ्यात नदीला इतका जोर असतो की समुद्राचं पाणी वर यायची हिंमत करत नाही. पाऊस गेला की नदी सुस्तावते आणि भरतीबरोबर खारं पाणी वर सरकायला लागतं. म्हणून भाताची कापणी उरकली की अख्खी वाडी नदीत उतरते आणि आडवा बंधारा घालते. खाली जांभ्या दगडाचे चिरे, वर माती, नारळाची झावळं, आणि आता सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरलेली वाळू. एका बाजूला गोडं पाणी तुंबतं, दुसऱ्या बाजूला खारं पाणी येऊन थांबतं. त्या तुंबलेल्या पाण्यावर उन्हाळ्याचं भात व्हायचं, वायंगण म्हणतात त्याला. मिरची व्हायची, लाल भाजी व्हायची. आणि नदीला लागून असलेली आमची विहीर गोड राहायची. विहीर म्हणायला आमची, पण वाडीतल्या सगळ्या घरांचं पिण्याचं पाणी तिचंच. गणपतीला आलेले मुंबईकर जाताना त्या पाण्याची बाटली भरून न्यायचे आणि बस घाट चढायच्या आत संपवायचे.

आता गोंधळ कुठं झाला ते सांगते. ऑफिसचे लोक पट्टी बसवायला आले ते ऐन पावसाळ्यात. तेव्हा बंधारा नव्हता, नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. पायऱ्यांची जागा त्यांना सोयीची वाटली, सासऱ्यांनीच ती दाखवली. बंधारा पडतो तो पायऱ्यांच्या थोडा खाली. म्हणजे बंधारा घातला की पट्टी बरोबर त्या तुंबलेल्या पाण्यात उभी. हे कुणी त्यांना सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही. बंधारा तर सगळ्यांनाच माहीत असतो, सांगायचं काय त्यात.

पट्टीचा गावाला भारी अभिमान. दसऱ्याला कोयत्या-कुदळीबरोबर तिलाही हळदकुंकू आणि झेंडूचा हार, आणि मला हार बाजूला सारून आकडा वाचावा लागे. बंधारा घालताना आता नवीनच खूळ निघालं होतं. पूर्वी हाताने अंदाज घेत पाणी पुरेसं झालं म्हणायचे. आता पट्टीकडे बघायचे. गेल्या वर्षी या आकड्यापर्यंत आणलं होतं, यंदा त्याच्या वर नेऊया. सासरे काठावर उभं राहून मला आकडा विचारायचे आणि मी सांगितला की आणखी गोण्या टाकायला लावायचे. चैत्रातसुद्धा पट्टी भिजलेली. मी तोच आकडा रोज कळवायचे.

ऑफिसच्या एका प्रशिक्षणात मला सगळा हिशेब कळला. पावसाळ्यात साहेब लोक यंत्र घेऊन येतात, पाण्याचा वेग मोजतात, आणि पट्टीवर किती उंची असताना किती पाणी वाहतं याचा एक तक्ता बनवतात. पुढे वर्षभर नुसती उंची कळवली की तक्ता सांगतो, नदीत एवढं पाणी वाहतंय. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी वाहतच नाही, नुसतं उभं असतं. पण तक्त्याला काय ठाऊक की खाली बंधारा आहे. कागदावर आमची नदी वैशाखातही वाहत होती.

जेवणाच्या सुट्टीत मी साहेबांना गाठलं. ते आमच्या भागाचे अभियंता, सरळ माणूस. त्यांनी ऐकून घेतलं, कपाळावर हात मारला आणि म्हणाले की जागाच चुकली, पट्टी वर हलवायला हवी, प्रस्ताव पाठवतो. प्रस्ताव पाठवलाही त्यांनी. तो गेला तो गेलाच. मीही मनात म्हटलं, आकडे चुकलेत तर चुकू देत, ते कोण बघतंय. माझ्या सासऱ्यांचा बंधारा आणि विहीर जागेवर आहे ना, मग झालं.

पण आकडे बघणारं कुणीतरी होतं. किनाऱ्यावर हॉटेलं वाढली, घरोघरी पाहुण्यांच्या खोल्या झाल्या, पोहायचे तलाव झाले. त्यांना पाणी हवं होतं. आमच्या गावाच्या वर, पुलाजवळ, नदीतून पाणी उपसून नळाने किनाऱ्याला न्यायची योजना आली. त्याची ग्रामसभा आमच्या शाळेत भरली. योजनेचे अधिकारी म्हणाले, उन्हाळ्यातसुद्धा या नदीला भरपूर पाणी आहे, तुमच्याच गावच्या नोंदी तसं सांगतात. मी उठणार एवढ्यात माझे सासरेच उठले. त्यांनी अंगात कडक इस्त्रीचा सदरा घातला होता आणि तोंडात ठेवणीतली मराठी आणली होती.

"साहेब, चैत्रातसुद्धा आमची पट्टी कधी कोरडी पडलेली नाही," ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी जागच्या जागी बसले. इतका संताप मला आयुष्यात फार कमी वेळा आलाय, आणि तो नेमका कोणावर काढायचा हेच कळत नव्हतं. त्यांनी त्यांच्या गावाचं कौतुक केलं होतं. मुलीच्या सासरी तिचं कौतुक करावं तसं. त्यांच्या त्या एका वाक्याची सभेच्या इतिवृत्तात नोंद झाली. मी नंतर उठून बंधाऱ्याचं सांगायला गेले, पण तोवर चहा आला होता.

घरी आल्यावर मी त्यांना सगळं समजावलं. पट्टी, तक्ता, उभं पाणी आणि वाहतं पाणी. वरून उपसा झाला तर बंधाऱ्यात अडवायला पाणीच येणार नाही, आणि मग खारं पाणी सरळ विहिरीत. त्यांना पटायला वेळ लागला नाही, नदी त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होती. त्यांचा चेहरा उतरला. "माझा काय चुकला गो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बाबा, तुमचं काही नाही चुकलं. हे मी काही त्यांची समजूत काढायला म्हटलं नाही. मला खरंच तसं वाटत होतं आणि अजूनही वाटतं.

मी पुन्हा आमच्या अभियंता साहेबांकडे गेले. ते बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाक करत बसले. मग म्हणाले, मला एक उन्हाळा खऱ्या नोंदींचा मिळाला, बंधाऱ्याशिवायचा, तर मी तो पुढे ठेवू शकतो. नदी उन्हाळ्यात वाहत नाही हे तुमच्याच पट्टीवरून दिसलं पाहिजे. योजना थांबेल असं मी सांगत नाही, पण फेरविचार करावा लागेल.

म्हणजे नदी कोरडी पडते हे सिद्ध करायला आधी ती कोरडी पाडायची. हे मी घरी कोणत्या तोंडाने सांगितलं ते माझं मला ठाऊक. सासूबाई तर चुलीपुढून उठल्याच नाहीत. सासरे ओसरीवर बसले होते.

"पाणी नाय ह्या दाखवूक आसलेला पाणी घालवूचा?" ते म्हणाले.

मी हो म्हटलं. पुढचे कितीतरी दिवस ते घराघरांत जाऊन बसत होते. काहींनी शिव्या घातल्या. वायंगणावर पोट असलेल्या एका घराने आमच्याशी बोलणं टाकलं, ते अजून टाकलेलंच आहे. पण सासऱ्यांचा शब्द वाडीत मानला जायचा. शेवटी ठरलं, एक वर्ष बंधारा घालायचा नाही.

बंधारा घालायच्या आधी दरवर्षी देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. देवाला मोठ्याने विनवायचं, आणि प्रत्येक मागणीला जमलेल्यांनी होय म्हाराजा म्हणायचं. त्या वर्षीही माणसं ठरल्या दिवशी देवळात आली. हातात कुदळी नव्हत्या, त्यामुळे हात कुठं ठेवावेत ते त्यांना सुचत नव्हतं. गाऱ्हाणं नेहमी सासरेच घालायचे. बंधारा टिकू दे, पाणी तुंबू दे, कोणाला इजा होऊ नये, हे शब्द त्यांना तोंडपाठ. पण बंधारा न घालण्याचं गाऱ्हाणं कुणी कधी घातलंच नव्हतं. ते नारळासमोर नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "बा देवा म्हाराजा, ह्या वर्सा तुझा पाणी आमी आडवणव नाय. आमची बांय तेवढी गोड ठेव." बांय म्हणजे विहीर. माणसं होय म्हाराजा म्हणाली, पण पुढेमागे, एका सुरात नाही. मी बाहेर पायऱ्यांवर उभी होते. मला रडू आलं आणि मी ते कोणाला दिसू दिलं नाही.

पाणी उतरायला लागलं. रोज सकाळी पट्टीचा आणखी एखादा आकडा उघडा पडायचा, इतकी वर्षं पाण्याखाली राहून त्याच्यावर शेवाळ चढलेलं. मी तो पुसून वाचायचे आणि कळवायचे. मला वाटायचं, आता खरं काम करतेय मी. शिमग्याच्या सुमाराला पाणी पट्टीच्या खाली गेलं. पट्टी कोरड्या दगडांत उभी, आणि पलीकडे नदीच्या मध्यात भरतीने भरलेली हिरवट डबकी; भरती पट्टीपर्यंत चढत नव्हती. वाहणारं टिपूसही नाही. हेच तर दाखवायचं होतं.

अ‍ॅप आकडा मागत होतं. पट्टीवर पाणीच नाही तर आकडा कुठला भरू? मी साहेबांना फोन केला, शून्य टाकू का म्हणून विचारलं. ते म्हणाले, शून्य टाकू नका. शून्य म्हणजे पाणी पट्टीच्या शून्यावर टेकलंय, आणि तक्ता त्यालाही थोडा प्रवाह धरतो. खोटी नोंद होईल. रकाना रिकामा ठेवा, शेऱ्यात कोरडं लिहा आणि फोटो जोडा. मी तसंच केलं. दोन्ही वेळेला पायऱ्या उतरायचे, कोरड्या पट्टीचा फोटो काढायचे, शेऱ्यात लिहायचे: पाणी नाही. उन्हात दगड इतके तापायचे की चप्पल पातळ वाटायची. कुणी वाटेत भेटलं तर विचारायचं, आता काय बघूक जातंस? मी पायऱ्या उतरत राहायचे.

त्याच सुमाराला एका सकाळी आमच्या चहात दूध फाटलं. सासूबाईंनी दूधवाल्याचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटलं, तिसऱ्या दिवशी त्यांनी शेजारून दूध आणलं, तेही फाटलं. मग त्यांनी कळशीतलं पाणी ओंजळीत घेऊन जिभेवर ठेवलं. "दूध नासूक नाय गो. पाणी खारटला," त्या म्हणाल्या. इतक्या हळू म्हणाल्या की सासऱ्यांना ऐकू जाऊ नये, पण ते दारातच होते. त्यांनी विहिरीवर जाऊन स्वतः पाणी काढलं, चूळ भरली आणि थुंकले. त्या दिवसापासून वाडीतल्या बायका वरच्या वाडीच्या विहिरीवर जायला लागल्या. जाताना आमच्या अंगणातून जायच्या, कारण वाट तिथूनच होती, आणि आमच्याकडे बघायच्या नाहीत.

सासरे म्हणायचे, एका वर्षाचा प्रश्न आहे. पाऊस पडला की विहीर धुऊन निघेल, आणि तोवर ऑफिसला कळलेलं असेल. संध्याकाळी मी पायऱ्या चढून आले की विचारायचे, पाठवलंस? मी पाठवलं म्हणायचे. मग ते समाधानाने विडी पेटवायचे.

पावसाळ्यात साहेबांची बदली झाली. त्यांच्या जागी एक बाई आल्या, वयाने माझ्याहून लहान, वागायला चांगल्या. योजनेचं काय झालं ते विचारायला मी ऑफिसला गेले, तर त्यांनी मला खुर्ची दिली आणि संगणक माझ्याकडे वळवला. आमच्या पट्टीची वर्षानुवर्षांची रेषा पडद्यावर होती. पावसाळ्यात उंच, पुढे उतरती, आणि उन्हाळ्यात सपाट, पण वर. मी म्हटलं, आमचा कोरडा उन्हाळा कुठाय? त्यांनी बोट ठेवून दाखवला. तिथंही रेषा तशीच होती. वर, सपाट, गुळगुळीत.

मी म्हटलं, हे आकडे मी पाठवलेले नाहीत. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, तुमच्याकडून त्या महिन्यांची नोंदच आलेली नाही. रकाने रिकामे होते. रिकामा रकाना म्हणजे वाचणारा आला नाही, किंवा पट्टी मोडली, असं धरतात. रेषा तुटलेली चालत नाही, म्हणून मागच्या वर्षांची सरासरी काढून ती जागा आपोआप भरली जाते. मी शेऱ्याचं विचारलं, फोटोंचं विचारलं. शेरे पुढे जात नाहीत, त्या म्हणाल्या, आणि फोटो आकडा पडताळायला असतात. आकडाच नसेल तर ते कुणी उघडत नाही. मी अर्ज दिला. त्यांनी माझ्यासमोर त्यावर शिक्का मारला, वर पाठवला, आणि मला प्रामाणिकपणे सांगितलं की योजनेची मंजुरी याच रेषेवर झालेली आहे, आता वरून काही होईल असं मला वाटत नाही.

येताना एसटीत खिडकीशी बसले होते. पाऊस कोसळत होता, नदी पुलाच्या कठड्याला लागायला आली होती, आणि लोक मोबाईलवर तिचे फोटो काढत होते. मला सगळ्यांची चीड आली. चांगल्या साहेबांची, चांगल्या बाईंची, माझी. सगळी माणसं चांगलीच वागली होती.

सासऱ्यांना मी लगेच सांगितलं नाही. म्हटलं, पाऊस जाऊ दे. पावसात विहीर गोड झाली, त्यांना हुरूप आला. कापणीनंतर पुन्हा बंधारा घातला, पूर्वीपेक्षा भक्कम. पण वर पुलाजवळ तोवर पंप सुरू झाला होता. बंधारा उभा राहिला आणि त्याच्यामागे पाणी आलंच नाही. जे थोडं होतं ते भरतीने गोण्यांच्या फटींतून खारं केलं. दिवाळीचे दिवे उतरवून फार दिवस झाले नव्हते आणि चहा फाटला. आता दरवर्षी असंच होतं. पावसात गोड, मग खारं. आमच्या सुपाऱ्या शेंड्याकडून पिवळ्या पडल्या, एकेक करून तोडल्या. वाडीला टँकर सुरू झाला. पट्टी अजून उभी आहे आणि मी अजून तिथं जाते, कारण ते मानधन सोडून द्यावं इतकं दुसरं काही आमच्याकडे येत नाही.

एके दिवशी सासऱ्यांनीच विषय काढला. ते ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. हल्ली ते नदीवर जात नाहीत. म्हणाले, तू त्या वर्षी रोज पाठवत होतीस, त्याचं त्या लोकांनी काय केलं? आता लपवून ठेवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, रिकाम्या रकान्यांचं, सरासरीचं, गुळगुळीत रेषेचं.

"म्हणजे त्या वर्साचा खंयच काय नाय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही, कुठंच काही नाही.

"माका वाटलेला, सुक्या नदीचो पण काय तरी आकडो आसतलो."

रस्त्यावर टँकरचा हॉर्न वाजला. सासूबाई आतून कळश्या घेऊन आल्या, त्यांतल्या दोन मी घेतल्या आणि रांगेत जाऊन उभी राहिले.